वजनाचं इंजेक्शन चालू आहे आणि 'काहीच नको' वाटतंय? आधी हे करून बघा

२०२५ च्या जूनमध्ये मी वजन उतरवायचं इंजेक्शन टिर्झेपाटाइड, म्हणजे मौंजारो, चालू केलं. ते मार्चमध्ये भारतात आलं तेव्हा फक्त वायल (औषधाची छोटी बाटली) होती, इंजेक्शनचं तयार पेन नंतर आलं, त्यामुळे इन्सुलिनच्या सिरिंजने भरून घ्यायचं, तेव्हा २.५ मिलिग्रॅमची एक वायल ३५०० रुपयांना आणि आठवड्याला एक, म्हणजे महिन्याचे १४ हजार, पुढे ५ वर गेलं की एक वायल ४३७५ ला मिळायची. पीसीओडी, वजन ८४, उंची पाच फूट दोन, शुगर बॉर्डरवर. हे सगळं डॉक्टरांनी नीट समजावलं, मळमळ होईल, बद्धकोष्ठ होईल, पाणी प्या. नवऱ्याबद्दल कोणी काही बोललं नाही.

आमच्याकडे लग्न झाल्यापासून रविवारी नवरा सकाळी जाऊन मिसळ आणतो. नाशिकला राहतो, त्यामुळे हे जवळजवळ धार्मिक कार्य आहे. जुलैच्या एका रविवारी मी दोन चमचे रस्सा घेतला आणि ताट सरकवलं, त्याने माझी मटकी डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवली, वायलच्या खोक्याच्या शेजारी, आणि मंगळवारी स्वतःच टाकून दिली. टाकताना म्हणाला, तुला आता काहीच नको असतं का ग? मी चिडले, पण रात्री पडल्यापडल्या मोजलं तर खरंच होतं ते. मिसळ नको, चार वाजताचा चहा नको, साडी बघायला नको, आणि तो पण नको. राग वगैरे काही नव्हता, नुसतं नको.

तेव्हापासून जे जे करून बघितलं, डॉक्टरांना विचारलं, चुकले, ते लिहितेय. ज्यांचं हे चालू आहे किंवा ज्यांच्या घरात कोणाचं चालू आहे त्यांच्यासाठी.

आधी औषध काय करतं ते दोन मिनिटांत. सेमाग्लुटाइड म्हणजे वेगोवी, ओझेम्पिक, गोळीत रायबेल्सस, आणि टिर्झेपाटाइड म्हणजे मौंजारो. जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-१ नावाचं हार्मोन सुटतं, ही औषधं त्याची नक्कल करतात, टिर्झेपाटाइड जोडीला जीआयपी नावाच्या दुसऱ्याची पण. पोट हळू रिकामं होतं आणि मेंदूला सिग्नल जातो की बास. पण मेंदूत हे सिग्नल फक्त भुकेच्या खोलीत जाऊन थांबत नाहीत, जिथे 'हवंय, आणखी हवंय' ठरतं त्या भागातही ह्या हार्मोनचे रिसेप्टर, म्हणजे सिग्नल पकडणाऱ्या जागा, आहेत. म्हणून तर कितीतरी लोक सांगतात की दारू आपोआप कमी झाली, २०२५ मध्ये अमेरिकेत ४८ जणांवर छोटी ट्रायल पण झाली त्यात सेमाग्लुटाइडवाल्यांचं पिणं कमी झालं होतं. डोक्यात दिवसभर चालणारी खाण्याची कटकट बंद होते हे तर मी स्वतः सांगते, कपाटात चिवड्याचा डबा आहे हे विसरणं म्हणजे काय असतं ते मला चाळिसाव्या वर्षी कळलं. तर मग शारीरिक इच्छेचा आवाजही काही जणांचा खाली जातो. काही जणांचा उलटा वाढतो! वजन उतरलं, दम लागत नाही, आरशात बघावंसं वाटतं. मोठ्या ट्रायल्स वजन आणि साखर मोजायला केलेल्या होत्या, पलंगावर काय होतं हा त्यांचा मुख्य प्रश्न नव्हता, त्यामुळे तुमचं काय होईल हे तुम्हालाच बघावं लागतं.

ते बघायचं कसं, तर लिहून. हेच पहिलं काम, आणि ॲप वगैरे काही नको. मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लिहायला लागले, जिथे आपण दुधाचे खाडे आणि सिलिंडरची तारीख लिहितो तिथेच. इंजेक्शनच्या दिवशी 'इ', मळमळ असेल तर 'म', पाळीची तारीख, झोप नीट झाली नाही तर एक रेघ, आणि ज्या दिवशी मनात थोडं जरी काही आलं, अगदी नुसता त्याचा हात धरावासा वाटला तरी, त्या दिवशी एक बारीक टिंब. सहा आठवडे करा. दोन आठवड्यांत काही कळत नाही, कारण डोस साधारण चार चार आठवड्यांनी वाढवतात.

माझ्या कॅलेंडरवर काय दिसलं तर टिंबं सगळी सोमवार ते गुरुवार. इंजेक्शन मी शुक्रवारी रात्री घ्यायची, ऑफिस बुडायला नको म्हणून. ह्या औषधांची रक्तातली पातळी पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात वर असते, म्हणजे माझे शनिवार-रविवार, जे आमचे एकमेकांसाठी असलेले एकुलते एक दोन दिवस, ते मी स्वतःच मळमळीला देऊन टाकले होते. डॉक्टरांना विचारून वार बदलला, सोमवार केला. हे करताना दोन डोसमध्ये किमान अंतर लागतं, टिर्झेपाटाइडला तीन दिवस, वेगोवीला दोन दिवस, त्याच्या आत घ्यायचं नाही. एवढ्या साध्या गोष्टीने अर्धा प्रश्न गेला माझा. अर्धाच.

दुसरं, ताटात काय पडतंय ते बघा. इथे बहुतेक बायका फसतात आणि मी पण फसले, कारण भूक नाही म्हटल्यावर आपण काय सोडतो तर वरण, उसळ, अंडं, आणि काय खातो तर अर्धी पोळी आणि चहासोबत मारीचं बिस्किट, ते पचायला सोपं वाटतं म्हणून. दिवसाला सहाशे-सातशे कॅलरीवर शरीराला वाटतं दुष्काळ पडला, आणि दुष्काळात शरीर आधी प्रजननाचं दुकान बंद करतं, मग पाळी लांबते, केस गळतात, इच्छा जाते. ह्याचा दोष औषधावर टाकता येत नाही, उपासमारीवर टाकावा लागतो. मी आता आधी प्रथिन खाते मग बाकी, दोन अंडी किंवा पनीर किंवा वाटीभर घट्ट उसळ, आणि पोळी उरली तर उरली. आणि जड बॅगा उचलल्यासारखा व्यायाम, आठवड्यातून तीनदा, कारण वजनाबरोबर स्नायू पण जातो आणि तो गेला की जिना चढायचीच इच्छा होत नाही, बाकीचं राहू द्या.

रक्त तपासून घ्या. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी १२ (शुगरची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी १२ कमी होऊ शकतं), डी जीवनसत्त्व. माझं बी १२ तळाला होतं. आणि बाकीच्या गोळ्यांची यादी काढा, डिप्रेशनच्या कित्येक गोळ्या, काही बीपीच्या, केसांसाठी पुरुष घेतात ती फिनास्टेराइड, ह्यांनीही इच्छा कमी होते, आणि आपण मात्र नवीन आलेल्या इंजेक्शनला धरून बसतो. कुठलीही गोळी मनाने बंद करू नका हे वेगळं सांगायला नको.

पुरुषांसाठी थोडं. पोटाच्या चरबीत टेस्टोस्टेरॉन ह्या पुरुषी हार्मोनचं रूपांतर इस्ट्रोजेन ह्या बायकी हार्मोनमध्ये होतं, त्यामुळे बरंच वजन उतरलं की पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन साधारण वाढतं, कमी होत नाही. तरी सहा महिन्यांनी पण मन लागत नसेल तर सकाळी उपाशीपोटी टेस्टोस्टेरॉनची तपासणी करून घ्या, दुपारी केलेला रिपोर्ट फसवतो, आणि कमी आलं तर परत एकदा करा. मेडिकलवाल्याकडून परस्पर सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, आणणं हा आपल्याकडचा राष्ट्रीय उपाय आहे, तो करू नका, छातीसाठी नायट्रेटची गोळी असेल तर ते दोन एकत्र जीवावर बेततं, आणि वजन उतरल्यावर बीपी आधीच खाली आलेलं असतं, जुन्या डोसची बीपीची गोळी तशीच चालू असते, उठताना चक्कर येते. डायबिटीसवाल्यांनी एक अजून, साखरेची ग्लिमेपिराइड गोळी किंवा इन्सुलिन सोबत असेल आणि जेवण निम्मं झालं असेल तर साखर एकदम खाली जाऊ शकते, आणि संबंध म्हणजे शेवटी शारीरिक मेहनतच. मधेच घाम, थरथर सुटली तर लाजू नका, साखर घ्या आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन करून डोस कमी करायचा का विचारा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मला कोणी सांगितलं नाही आणि जे मला एका मैत्रिणीच्या घाबरलेल्या फोनवरून कळलं. टिर्झेपाटाइडने पोट हळू रिकामं होतं त्यामुळे गर्भनिरोधक गोळीचं शोषण कमी होऊ शकतं. औषध चालू केल्यावर चार आठवडे आणि दर वेळी डोस वाढवल्यावर परत चार आठवडे, गोळीसोबत कंडोम वापरायचा, किंवा सरळ कॉपर टी सारखं काहीतरी ज्याचा पोटाशी संबंध नाही. सेमाग्लुटाइडवर पण उलट्या-जुलाब झाले तर गोळी वाया गेलीच समजा. आणि आमच्यासारख्या पीसीओडीवाल्यांनी तर डबल काळजी, कारण वजन उतरलं की वर्षानुवर्षं रुसलेली अंडी परत यायला लागतात, 'मला काय होणार, मला पाळीच चार महिन्यांनी येते' हे गणित आता चालत नाही. ह्या औषधांवर असताना दिवस राहायला नकोत. मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी बंद, टिर्झेपाटाइड किमान एक महिना आधी, आणि तेवढे दिवस गायनॅकच्या सल्ल्याने काळजी. इच्छा नसल्याचं रडणारी मी, आणि मला हेच सांगायला कोणाला सुचलं नाही बघा.

डॉक्टरांशी बोलायचं कसं हा प्रश्न उरतोच. मी पहिल्यांदा गेले तेव्हा नवऱ्यासमोर आणि ज्युनिअर डॉक्टरसमोर विचारलं, तर वर न बघता उत्तर आलं की ताई, वजन कमी होतंय ना, मग आनंद माना. मी गप्प घरी. नंतर दुसरीकडे गेले, कागदावर लिहून गेले, आणि आत गेल्यागेल्या पहिलंच वाक्य ते वाचलं: डॉक्टर, औषध चालू केल्यापासून नवऱ्याजवळ जायची इच्छा गेलीय, आधी अशी नव्हती, हे कॅलेंडर बघा. शेवटी दाराशी उभं राहून 'अजून एक होतं...' असं नका करू, तोपर्यंत पुढचा पेशंट आत आलेला असतो. कॅलेंडर दाखवलं की डॉक्टर गंभीर होतात हा माझा अनुभव. माझा डोस ७.५ वरून ५ वर आणला त्यांनी, आणि वजन तरीही उतरत राहिलं, फक्त हळू. वरच्या डोसपर्यंत पोचलंच पाहिजे असं काही नसतं, जिथे काम होतंय तिथे थांबता येतं. एकदम बंद करू नका, टिर्झेपाटाइड रक्तात निम्मं व्हायला पाच दिवस लागतात, सेमाग्लुटाइडला आठवडा, त्यामुळे आज सोडलं आणि उद्या प्रेम आलं असं होत नाही, वजन मात्र परत येतं, सेमाग्लुटाइडच्या मोठ्या ट्रायलमध्ये सोडल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत चढलं होतं.

पण मन अगदीच उदास असेल, रडू येत असेल, जगण्यातच रस नसेल, तर सहा आठवड्यांचं कॅलेंडर वगैरे विसरा आणि लगेच दाखवा. पूर्वी रिमोनाबँट नावाची वजनाची गोळी होती, २००६ ला युरोपात आली आणि २००८ ला डिप्रेशनमुळेच बंद करावी लागली. ती वेगळ्या जातीची होती, ह्या इंजेक्शनांशी तिचा संबंध नाही, पण भूक मारताना मनालाही लागू शकतं हे तेव्हा एकदा दिसून गेलंय.

आता नवरा. किंवा बायको, ज्याचं जे असेल ते. आपल्याकडे प्रेम बोलून दाखवायची पद्धत नाही, आपण वाढतो. अजून एक पोळी घे, तूप घे की, माझी शपथ. माझ्या सासूबाईंनी बारा वर्षांत मला 'तू मला आवडतेस' म्हटलेलं नाही पण पुरणपोळीवर तूप ओतताना कधी हात आखडला नाही, आणि मी यंदा होळीला अर्धी पोळी खाऊन उठले तेव्हा त्यांचं तोंड बघवलं नाही. म्हणजे बाहेरच्या देशात हे औषध घेणारा माणूस फक्त जेवण कमी करतो, आपण मात्र जेवण नाकारलं की माणसाला नाकारल्यासारखं होतं. नवऱ्याला मिसळीचंच वाईट वाटलं होतं, पलंगाचं नंतर, हे त्याने स्वतः सांगितलं.

म्हणून पहिलं काम, लपवू नका. कितीतरी बायका पेन फ्रिजमध्ये अंड्यांच्या मागे लपवून ठेवतात आणि 'चालायला जाते ना रोज' म्हणतात. २ ते ८ डिग्रीत ठेवायचं औषध आहे, कपड्यांच्या कपाटात ठेवता येत नाही, आज ना उद्या सापडतंच, आणि मग नको वाटण्याचं कारण तिसरंच काढलं जातं. मी त्याला असं सांगितलं, जसंच्या तसं लिहिते, वापरायचं तर वापरा: अरे, मला मिसळ नकोशी झालीय, चहा नकोसा झालाय, आणि त्याच बटणाने तूही नकोसा झालायस, तुझ्यात काही बदललेलं नाही, बटण औषधाने दाबलंय, आणि मी ते शोधतेय. तो हसला. मग पाच मिनिटांनी विचारलं, नक्की ना, औषधच ना? तो प्रश्न खरा होता, आणि त्याचं उत्तर मला तेव्हा माहीत नव्हतं.

कारण हे पण असतं. काही घरांत नातं आधीच आंबलेलं असतं, आणि दोघं मिळून जेवणं ही एकच गोष्ट उरलेली असते, ती गेली की उघडं पडतं. स्वीडनमध्ये वजनाच्या ऑपरेशनवाल्यांचा अभ्यास झाला होता, २०१८ मध्ये छापून आला, ऑपरेशननंतर जोडप्यांत वेगळं होण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं, आणि जे एकटे होते त्यांचं लग्न किंवा नवीन नातं जुळायचं प्रमाण पण वाढलेलं. इंजेक्शन म्हणजे ऑपरेशन नाही, पण माणूस बदलतो तेव्हा घर हलतं हे खरंच. ओळखायची माझी एक खूण सांगते: फक्त तोच नको वाटतोय आणि बाकी सिनेमा, मैत्रिणी, कोणाचं तरी कौतुक हे सगळं हवंसं वाटतंय, तर तो औषधाचा विषय नसावा. सगळंच नको वाटतंय तर औषध, रक्त, झोप ह्यांच्याकडे आधी बघा. आणि डोस चढत असताना कुठलाही मोठा निर्णय नको, वेगळं व्हायचा नको, नवीन कोणाच्या मेसेजला उत्तर द्यायचा पण नको. डोस स्थिर झाल्यावर तीन महिने जाऊ द्या, मग काय ते बोला.

जोडीदारासाठी एकच परिच्छेद. आग्रह करू नका, ताटात आणि पलंगावर दोन्हीकडे. 'बारीक झालीस, आता कोण बघतं तुझ्याकडे' असले विनोद करू नका, ते विनोद नसतात हे दोघांना माहीत असतं. पैशावरून टोमणा मारायचा नाही, महिन्याचा खर्च आधीच बसून ठरवा. करपट ढेकर येतात, अंड्याच्या वासाचे, त्यावर हसलात तरी चालेल पण तिने आधी हसल्यावर. आणि उतरलेल्या अंगावर सैल कातडी राहते, दंडावर, पोटावर, तिला दिवा बंद हवा असेल तर बंद करा, वाद घालू नका.

बाकी खाण्याच्या जागी दुसरं काहीतरी मुद्दाम आणावं लागतं, आपोआप येत नाही. आम्ही रविवारी मिसळ तशीच ठेवली, तो एक प्लेट आणतो आणि मी त्याच्यातली मटकी आणि दही खाते, मग दोघं गोदेकाठी चालायला जातो, कारण आता मला चालता येतं. इच्छा आधी येईल आणि मग जवळ जाऊ ह्याची वाट बघितली तर वर्ष जाईल, आम्ही नुसतं जवळ पडून राहायचं ठरवलं, बुधवारी आणि रविवारी, पुढे काही झालंच पाहिजे असं नाही हे आधीच बोलून. पहिले तीन आठवडे खरंच काही झालं नाही, एकदा तर दोघांना झोप लागली. कोरडेपणा असेल तर मेडिकलमध्ये पाण्याचं जेल मिळतं, लाज वाटत असेल तर ऑनलाइन मागवा. आणि एक अनपेक्षित बक्षीस, मी घोरायची बंद झाले. चार वर्षं नवरा माझ्या घोरण्यामुळे हॉलमध्ये झोपायचा आणि सगळ्यांना 'मला फॅन जास्त लागतो' म्हणून सांगायचा. (टिर्झेपाटाइडला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये झोपेत श्वास अडकण्याच्या आजारासाठी मंजुरी मिळाली, त्यामुळे हे माझ्याच नशिबाचं नाही.) ऑगस्टमध्ये तो उशी घेऊन परत आत आला. कुठल्याही गोळीने जेवढं झालं नसतं तेवढं त्या उशीने झालं.

आता वजन ६९ आहे, डोस ५ वर आहे, टिंबं आठवड्याला दोन-तीन पडतात, पूर्वीसारखं नाही पण आहे.

फक्त कॅलेंडर जरा वेगळीकडे लावा. मागच्या महिन्यात सासूबाईंनी दूधवाल्याचा हिशोब केला, माझी टिंबं मोजली, आणि अकरा दिवसांचे पैसे कापून त्याच्या हातावर ठेवले. तो बिचारा दारात उभा राहून सांगतोय, आजी, मी एक पण खाडा केलेला नाही, आणि आई कालनिर्णय काढून त्याला दाखवतायत, हे बघ, हे काय मग? नवरा चहाचा कप घेऊन आत पळाला. उरलेले पैसे मी जिन्यात गाठून दिले दूधवाल्याला.